आखाडातले गुरुवार

"मागच्या चाकावरचं धर," मी खालून ओरडले आणि रणजितनं एसटीच्या खिडकीतून रुमाल आत टाकला. तो पडला एका आजोबांच्या टोपीवर. आजोबांनी रुमाल उचलला, उलटसुलट बघितला, नाक पुसलं आणि खिशात घातला.

"गेला," रणजित म्हणाला.

"रुमाल जाऊ दे. सीट बघ."

सीट मिळालं. मागच्या चाकावरचं सीट कुणालाच नको असतं, खड्डा आला की माणूस टपाला डोकं टेकवून येतो. आम्हाला मात्र तेच लागायचं. दोघांचं, कडेचं, कुणाची नजर जात नाही असलं. मी मांडीवर पिशवी घ्यायचे, पिशवीवर ओढणी पसरायचे, आणि ओढणीखाली रणजितनं माझा हात हातात घ्यायचा. आधी मनगट, मग तळवा, मग एकेक बोट. घड्याळ लावून पंधरा मिनिटं.

तुम्हा पोरींना वाटेल कॉलेजातलं काहीतरी लफडं सांगतेय. अगं लफडं कसलं, पाच महिन्यांपूर्वी आमचं लग्न झालं होतं, सातशे माणूस जेवून गेलं होतं. तरी आम्ही चोरून भेटत होतो, कारण आखाड होता. आमच्याकडं लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात नवरा-बायकोनं एकमेकांचं तोंड बघायचं नसतं. आषाढ लागायच्या आदल्या दिवशी पोरीला माहेरी आणून सोडतात आणि श्रावण लागला की न्यायला येतात. फोनवर बोललेलं चालतं का, हे कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून ते चालतं असं आम्हीच ठरवून टाकलं. भेटायचं मात्र नाही म्हणजे नाही.

माझं माहेर तासगाव, सासर विटा. रणजित विट्यात ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये पार्ट्सच्या काउंटरवर होता, त्याला सुट्टी गुरुवारी. गुरुवारी तो तिकडून मिरजेला यायचा, मी इकडून. घरी मी सांगितलेलं की माझं रूट कॅनाल चाललंय. आईनं ते इतकं मनावर घेतलं की दर गुरुवारी संध्याकाळी मला मीठ-तूप घालून गुरगुट्या भात, आणि घरातली बाकीची आखाड म्हणून तळलेल्या तिखट पुऱ्या खातायत. एकदा मी उजव्या गालाला हात लावला, एकदा डाव्या. आई म्हणाली, "दोन्हीकडच्या दाढा काढल्या व्हय त्यानं? लुबाडतोय मेला."

मिरजेत आम्ही जात होतो डॉक्टर शहनाज मुजावर यांच्याकडं. त्या दातांच्या डॉक्टर नव्हत्या.

आता नीट सांगते. मधे कुणी बोलू नका, नाहीतर माझं राहून जाईल.

लग्न झालं, सत्यनारायण झाला, कुलदैवताला जाऊन आलो, आणि त्यानंतर जे व्हायचं असतं ते झालंच नाही. पाच महिने. तो आवडत नव्हता म्हणून नाही बरं का. उलट मी दिवसभर त्याची वाट बघायचे. त्याच्या शर्टाला ग्रीसचा आणि नव्या रबराचा वास यायचा, तो शर्ट भिजवायच्या आधी मी न्हाणीत कडी लावून नाकाशी धरून उभी राहायचे. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बाहेरून विचारायच्या, "पाणी गेलं काय गं?" आणि तोच शर्टवाला माणूस जवळ आला की माझं अंग मुठीसारखं मिटायचं. मी मिटत नव्हते, ते आपलं आपण मिटायचं. इतकं दुखायचं की तो घाबरून बाजूला व्हायचा. "राहू दे, राहू दे," म्हणायचा. मग दोघंही छताकडं बघत पडायचो. मला त्याचा हात धरून रडायचं असायचं आणि मी भिंतीकडं तोंड करायचे.

त्याला वाटलं दोष त्याच्यातच आहे. रस्त्याकडेच्या तंबूतल्या कुठल्यातरी वैद्याकडून त्यानं चूर्ण आणलं आणि महिनाभर गपचूप खाल्लं. मला पुडी सापडली तर म्हणाला, "पित्ताचं आहे." त्या चूर्णानं त्याला खरंच पित्त झालं. शेवटी विट्याच्या बायकांच्या डॉक्टरांकडं मी एकटीच गेले. त्यांनी तपासलं, म्हणाल्या शरीरात काही दोष नाही, आणि मिरजेचा पत्ता लिहून दिला.

मुजावर मॅडम दिसायला अगदी आपल्या शाळेतल्या गणिताच्या बाईंसारख्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डोळ्यांपुढं एकदम बोट आणलं. माझी पापणी मिटली.

"तू मिटलीस?"

"नाही. मिटली आपोआप."

"तुझं दुखणं असंच आहे. तू काही करत नाहीस, भीती करते. ती कुठून आली ते शोधू. आणि तोवर शरीराला शिकवू की घाबरायचं कारण नाही. आता एक नियम. मी सांगेपर्यंत ते बंद. पूर्ण बंद."

रणजित म्हणाला, "मॅडम, आधीपण बंदच आहे."

मॅडम हसल्या. "आधी तुमच्या भीतीनं बंद होतं. आता माझ्या हुकमानं. फरक पडतो, बघा तुम्ही."

मग त्यांनी रोजचा अभ्यास दिला. मला एकटीला करायचे व्यायाम, श्वास कसा सोडायचा, आतले स्नायू आवळायचे कसे आणि मुख्य म्हणजे सैल कसे सोडायचे. आणि दोघांना मिळून रोज पंधरा मिनिटं, नुसता हात. पुढं खांदा, पुढं पाठ, पण घाई नाही. दोन आठवडे झाले आणि आखाड लागला. मॅडमना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "गुरुवारी माझ्याकडं या. अभ्यास कुठं करायचा ते तुम्ही बघा." म्हणून ती एसटी.

आणि गंमत बघा, पाच महिने एका खोलीत होतो तेव्हा जे वाटलं नाही ते त्या धडधडत्या सीटवर वाटायला लागलं. शुक्रवार ते बुधवार माझ्या मनगटाला त्याचं बोट आठवायचं. भांडी घासताना, बेदाणा निवडताना. आई तिथल्या एका बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची, मीही जायचे तिच्यासोबत. हात बेदाण्यात आणि जीव गुरुवारात.

तर तो तिसरा गुरुवार. त्या दिवशी मॅडमनी आम्हाला वेगवेगळं आत बोलावलं. मला विचारलं, "लग्नाआधी याबद्दल घरात कुणी काही सांगितलं होतं?"

"नाही."

"आईनं?"

"आई असलं काही बोलत नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग विचारलं, "सकाळी उठल्यावर जबडा दुखतो का?"

मी म्हणलं रोज दुखतो. तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, "बोलताना तुझे दात सुटतच नाहीत. कानाखाली बोटं ठेव. आता तोंड उघड. सावकाश. हां. हे करत जा." मला कळेना, जबड्याचा इथं काय संबंध.

नंतर रणजित आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला तो गप्प. रुमालाचं ते सोडलं तर शब्द नाही. गाडी सांगलीच्या बाहेर पडली, मी पिशवीवर ओढणी पसरली, त्यानं हात हातात घेतला आणि मनगटावरच थांबला.

"तुला काय विचारलं आत?" मी म्हणलं.

"विचारलं, ती कधी स्वतःहून तुम्हाला हात लावते का."

"मग?"

"मी हो म्हणलं." तो खिडकीबाहेर बघत होता. "खोटं बोललो, तेजू. तू लावून घेतेस. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून हात पुढं करतेस, इंजेक्शनला करतात तसा. तू कधीच... एकदापण नाही."

मला सांगायचं होतं. शर्टाचं सांगायचं होतं, मनगटाचं सांगायचं होतं. माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते आणि मी समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडं बघत होते.

"हे बघ, रागावून नाही बोलत," तो म्हणाला. "मी तुला नको असेन तर तसं सांग. काही सांगितलं नाहीस तरी मला कळेल. श्रावण लागल्यावर मी न्यायला येणार नाही. घरी सांगतो, दोष माझ्यात आहे. तुझ्या नावाला काही लागू देणार नाही मी."

दात सुटले नाहीत. वाटेतलं कवठं आलं, गेलं. त्यानं माझा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला, जपून, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. पंधरा मिनिटं व्हायची होती अजून. मी मोबाइलवर लावलेल्या गजराकडं बघत बसले आणि गजर वाजला तेव्हा त्यानंच मोबाइल घेऊन बंद केला.

तासगावला ती गाडी दहा मिनिटं थांबते, ड्रायव्हर चहा घेतो. मी उतरले, तो वरच राहिला, त्याला विट्याला जायचं होतं. मी खाली त्याच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. नुसतीच उभी. तो म्हणाला, "जा घरी. भिजशील." मी हात वर केला, कशाला कुणास ठाऊक, आणि तेवढ्यात मागून माझ्या डोक्यावर छत्री आली.

आई.

शेडवरून लवकर सुटली म्हणून पोरीला घ्यायला स्टँडवर आलेली. तिनं मला बघितलं, वर खिडकीत जावयाला बघितलं. रणजितनं तिथूनच वाकून नमस्कार केला, गडबडीत त्याचं डोकं गजाला आपटलं. आईनं पदर डोक्यावर घेतला, मला दंडाला धरलं आणि ओढत फलाटावरच्या बाकड्यावर नेऊन बसवलं.

"कुठल्या दाताच्या डॉक्टरचं नाव रणजित हाय गं?"

मी ओढणीचं टोक पिळत बसले.

"एक म्हयना. एक म्हयना दम निघना व्हय तुम्हाला?" ती ओरडत होती पण तोंड हसत होतं तिचं. आनंद लपत नव्हता. "म्या दर गुरुवारी गुरगुट्या भात रांधतीया आणि हिकडं ह्यांचं... शेडवरच्या बायकांना कळलं तर म्हणतील, शालनचा जावई लई खुळा झालाय लेकीपायी. येडी कुठली. मस्त चाललंय की तुमचं."

आणि त्या "मस्त चाललंय"ला मी रडायला लागले. असं तसं नाही, हुंदके देऊन, भर स्टँडवर. बाजूला एक माणूस कलिंगडाची फोड खात होता, तो उठून लांब जाऊन बसला.

मग मी आईला सांगितलं. कसं सांगितलं मला आठवत नाही, वाक्यं तुटत होती. पाच महिन्यांचं सांगितलं, मिटण्याचं सांगितलं, मिरजेच्या मॅडमचं सांगितलं. आईनं छत्री मिटली होती, ती परत उघडली आणि आमच्या दोघींच्या तोंडापुढं धरली.

"कशानं असं हुतंय म्हणती डॉक्टरीण?"

"भीतीनं."

"कसली भीती? मारलं का त्यानं?"

"नाही गं."

"मग?"

आणि बोलता बोलता माझा हात कानाखाली गेला, तिथं ठणकत होतं, आणि मला एकदम आठवलं. हळदीचा दिवस. माझ्या अंगाला हळद लागलेली, बाहेर बायका गात होत्या, आणि आईनं मला धान्याच्या खोलीत नेऊन दार लोटून घेतलं होतं.

"आई, हळदीदिवशी तू मला काय सांगितलं होतंस?"

"कवा?"

"धान्याच्या खोलीत."

आई आठवायला लागली. मग तिला आठवलं. "व्हय, सांगितलं की. डोळं मिटायचं, दात आवळायचं. सकाळ हुती."

"मी तेच करत आले, आई."

स्पीकरवर कवठेमहांकाळची गाडी पुकारली. ती लागली, माणसं धावली, ती गेली. आई छत्रीच्या काडीकडं बघत होती.

"मला कुणी तेवढंपण सांगितलं न्हवतं," ती म्हणाली. "सतरा वर्साची हुते. माझं मीच हुडकून काढलं. माझ्या उपेगाला जे पडलं ते तुला दिलं गं. चांगलं म्हणून दिलं."

"माहितीये मला."

"तुला असं बाधंल हे..." तिनं वाक्य सोडून दिलं. छत्री मिटली आणि म्हणाली, "डॉक्टरीण काय कराय लावती?"

"रोज हात धरायचा."

"नुसता हात?"

"नुसता हात. पंधरा मिनिटं."

आईनं स्वतःचे हात मांडीवर ठेवले. बेदाण्यानं चिकट झालेले, नखांच्या कडा काळ्या. "तुझ्या अप्पांनी धरला हुता माझा," ती म्हणाली. "लग्नात. भटजी धरा म्हणला म्हणून."

मला हसू आलं आणि मी तिच्याकडं बघितलं, तर ती हसत नव्हती.

"तुला पायजे का त्यो?" तिनं विचारलं.

"पाहिजे."

"मग सांग की त्याला."

"त्यानं आत्ताच विचारलं. मला बोलता आलं नाही. तो आता न्यायला येणार नाही."

तेवढ्यात कंडक्टरनं शिट्टी मारली. गाडी मागं येऊन वळायला लागली. रणजित खिडकीत दिसत होता, समोर बघत, आमच्याकडं नाही. आई उठली. माझी आई, जी बाजारात कधी भाव करताना आवाज चढवत नाही, ती छत्री हातात घेऊन गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि दांड्यानं गाडीच्या तोंडावर दोनदा वाजवलं.

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "अहो मावशी, मरायचंय का?"

"जावई उतरायचाय माझा."

कंडक्टर दारात आला. "त्यांचं तिकीट विट्याचंय."

"असू दे. हितं उतरायचाय."

"आखाडात जावई घेऊन चाललाय व्हय घरी?" आतून कुणीतरी बाई म्हणाली आणि अर्धी गाडी हसली.

"व्हय, चाललीया," आई म्हणाली. "तुमचं काय जातंय?"

रणजित उतरला. कानापर्यंत लाल. आईनं परत पदर सारखा केला, त्याला बाकड्याकडं बोट दाखवलं. "बसा तिथं. ही काय म्हणती त्ये ऐका. मग कुठं जायचंय तिथं जावा." आणि ती चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन आमच्याकडं पाठ करून उभी राहिली.

तो बसला. आमच्या मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. मी कानाखाली बोटं ठेवली आणि तोंड उघडलं, अगदी डॉक्टरला दाखवतात तसं. तो घाबरला. "दुखतंय का खरंच?" म्हणाला. आणि मी त्याच उघड्या तोंडानं बोलायला लागले. शर्टापासून सुरू केलं. मग मनगट, मग बुधवारची रात्र कशी सरत नाही ते, मग धान्याची खोली. मधेच मी त्याच्या बाजूला सरकले आणि त्याचा हात घेतला. मी घेतला. त्याच्या बोटांना ग्रीस होतं, सुट्टीच्या दिवशीपण. मी म्हणलं, "मला भीती वाटते आणि मला तू पाहिजेस. दोन्ही एकदमच आहे. त्यातलं एक जायला वेळ लागेल."

त्याची मान खाली. मग म्हणाला, "परत म्हण."

"सगळं?"

"पाहिजे म्हणालीस तेवढं."

मी म्हणलं. त्यानं अजून एकदा म्हणायला लावलं. पोरींनो, काय सांगू, ते शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडत होते आणि इतके दिवस आवळून बसलेला माझा जबडा सैल पडत होता. लगेच सगळं बरं झालं असं नाही. पुढं चार महिने लागले, मॅडमनी पाठीपर्यंत नेलं, व्यायाम झाले, मागं आलो, परत पुढं गेलो, आणि एका दुपारी मॅडमच्या हुकमाची वाट न बघता जे व्हायचं ते झालं. दुखलं नाही. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हुकूम मोडतील म्हणूनच देते मी. पण ते नंतरचं.

त्या दिवशी विट्याच्या दोन गाड्या आम्ही सोडल्या. तिसरीत मी त्याला बसवलं. तो म्हणाला, "न्यायला येतो." मी म्हणलं, "पहिल्या गाडीनं ये." गाडी स्टँडातून बाहेर वळली, पुलाकडं गेली, दिसेनाशी झाली, आणि मी त्या रिकाम्या रस्त्याकडं बघत उभी, आत्ता गेलेला माणूस आत्ताच परत पाहिजे होता मला, आणि ते इतकं लख्ख होतं की मला त्याची लाजसुद्धा वाटली नाही. मी ओढणीखाली बोटांवर मोजायला लागले, श्रावणाला किती दिवस राहिले ते.

आई शेजारी येऊन उभी राहिली होती. रस्त्याकडंच बघत होती तीपण.

"नऊ," ती म्हणाली.